बाबांचा शर्ट आणि तुझा बहिष्कार

कन्हान,
२५ ऑगस्ट

अपूर्व,

तुझा फोन चालू आहे, फक्त माझ्यासाठी बंद आहे, हे गार्गीनं सांगितलं. बायकोला खोटं बोलायला लावलं नाहीस, तेवढं बरं केलंस. मोठ्या बहिणीला ब्लॉक करतोस. कर. पण स्पीड पोस्टाचं पाकीट ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, आणि पोस्टमन सही घेतल्याशिवाय तुझ्या दारातून हलणार नाही. तेव्हा गपगुमान वाच. आशीर्वाद-बिशीर्वाद आज मिळणार नाही.

मला एकच सांग. तो शर्ट कोणाचा होता ते तुला माहीत होतं की नाही?

परवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला आम्ही आपल्या पेट्रोल पंपावरच होतो. मी, बाबा, गोविंदा आणि बाकीची पोरं. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गोविंदा मोबाइलवर मिरवणूक लावून बसला होता. काळी मारबत गेली, पिवळी गेली, मग बडग्यांचे पुतळे घेऊन ठेले यायला लागले. बाबा खुर्ची ओढून जवळ आले. म्हणाले, "अपूर्वचा बडग्या आला की सांगजो गा, माहा चष्मा घरी राह्यला." तुझा बडग्या पाहायला बसले होते ते. कौतुकानं.

आला तुमच्या ग्राहक मंचाचा ठेला. त्याच्यावर माणसाएवढा पुतळा, हातात पेट्रोलची नळी, गळ्यात पाटी: 'जनतेचं रक्त पिणारा पंपवाला'. आणि अंगात खाकी शर्ट, डाव्या खिशाला निळं कापड लावलेला. बॅटरीच्या ॲसिडनं खिसा जळला होता तेव्हा आईनं तिच्या ब्लाउजातलं उरलेलं कापड लावून दिलं होतं. बाबांना चष्म्याशिवाय पाटी वाचता आली नाही. शर्ट मात्र ओळखता आला.

"थांबव, थांबव," म्हणाले. "तो माहा शर्ट हाय."

गोविंदा थांबवणार काय, ते लाइव्ह होतं. तुमचे पोट्टे पुतळ्याला चपलांनी मारून राहिले होते आणि तू बाजूला उभा राहून हसून राहिला होतास. मी मोबाइल बंद कर म्हटलं. बाबा म्हणाले, "राहू दे. पाहू दे मले." बडग्या जळेपर्यंत पाहिलं त्यांनी. शर्ट आधी पेटला.

तू म्हणशील जुनं फडकं होतं. अपूर्व, तुला खांद्यावर बसवून इतवारीत मारबत दाखवायला कोण न्यायचं? 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फाडायला कोणी शिकवलं? तिच्यासंगं जे गेलं ते गावाबाहेर गेलं, परत उंबऱ्यात घ्यायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. आणि जिवंत माणसाच्या अंगचा कपडा बडग्याला घालायचा नाही, बाजारातून चिंध्या आणायच्या, हे तर आपल्याकडे लहान पोराला माहीत आहे. तू मानत नसशील, कॉलेजात शिकवतोस. ते मानतात. त्यांच्या हिशेबानं त्यांच्या मुलानं त्यांना भर चौकात जाळलं.

आणि आलमारीची किल्ली त्यांनीच दिली ना रे तुला. पोळ्याला आलास, पुरणपोळ्या हाणल्यास, "बाबा, जुने कपडे लागतात" म्हणालास, कशाला ते सांगितलं नाहीस, आणि ते खुश झाले की पोरानं आपल्याकडे काही मागितलं. मी घरी असते तर तो शर्ट तुझ्या हाताला लागू दिला नसता. पण मी पंपावर होते. तुझ्या पेट्रोल बहिष्काराची आदली संध्याकाळ होती ती, आणि गाड्यांची लाइन नदीच्या पुलापर्यंत गेली होती.

आता मुद्द्याचं. मारबतीच्या संध्याकाळी बाबांनी पंपाच्या चाव्या माझ्यासमोर ठेवल्या. "मी गेलो. आता माहं काय काम," म्हणाले. मला वाटलं रागात आहेत. पण काल त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, डीलरशिप सोडतो म्हणून. पुढच्या महिन्यात सेल्स ऑफिसर येईल त्याच्या हातात देणार आहेत. पंप त्यांच्या नावावर आहे, चालवते मी. त्यांनी सोडला की कंपनी नवीन माणूस बसवेल, आणि मी एवढी वर्षं डिझेलच्या वासात काढली ती कोणाच्या नावावर लिहायची ते तू सांग. गोविंदा आणि पोरं कुठं जातील तेही सांग.

मी समजावलं. ऐकत नाहीत. ते तुझंच ऐकतील. इकडे ये, त्यांच्यासमोर बस आणि बोल. काय बोलायचं ते तुला समजलं पाहिजे, ते मी लिहून देणार नाही.

नीला

कन्हान,
५ सप्टेंबर

अपूर्व,

तुझं पत्र मिळालं. वर 'विषय', खाली 'आपला विश्वासू' एवढंच राहिलं होतं. बहिणीला पत्र लिहून राहिलास की कलेक्टरला निवेदन देऊन राहिलास?

तू लिहितोस, शर्ट हे 'प्रतीक' होतं. बरं. मग तुझा शर्ट काहून नाही घातला प्रतीकाला? पेट्रोल तूही जाळतोस. चौकातल्या पानठेल्यावर जायला गाडी काढतोस.

तू लिहितोस, बडग्या व्यवस्थेचा होता, बाबांचा नव्हता. व्यवस्था कन्हानला राहत नाही रे भैताडा. इथं बाबा राहतात. मागच्या सोमवारी कोळशाच्या ट्रकवाल्यानं डिझेल भरता भरता त्यांना विचारलं, "काय काका, जाळलं होतं न तुम्हाले, अजून जित्तेच?" सगळे हसले. बाबाही हसले. मग आत येऊन माझ्या खुर्चीवर बसले आणि बराच वेळ बिल-बुकाचा कोपरा दुमडत राहिले. गोविंदा त्या ट्रकवाल्याच्या अंगावर जाऊन राहिला होता, मी धरला. त्यानंतर बाबा दिवसा पंपावर येत नाहीत. अंधार पडला की येतात, मशिनींवरून हात फिरवतात आणि जातात.

आता तुझा तो शंभर टक्के यशस्वी बहिष्कार.

मारबतीच्या दिवशी नागपुरात सुट्टी असते. इतवारी-महालात सायकल घुसत नाही. अर्धं शहर पायी मिरवणुकीत, अर्धं घरी तान्ह्या पोळ्याला लाकडाचे बैल सजवून राहिलेलं. असा दिवस पाहून तुम्ही 'एक दिवस पेट्रोल नाही' ठेवलं, पंप रिकामे दिसले, त्याचे फोटो काढले आणि एकमेकांना पेढे भरवले. हे रविवारी शाळेवर बहिष्कार टाकण्यासारखं आहे. तुझ्या एकाही विद्वानाच्या डोक्यात हे आलं नाही?

बरं, लोकांनी पेट्रोल वापरलं नाही असं धरून चालू. आदल्या संध्याकाळी काय झालं? तुमचा तो आयुष, मंचाचा सेक्रेटरी, गॉगल डोक्यावर चढवून हिंडतो तो. त्यानं आमच्या पंपावर टाकी फुल केली. वरून काचेच्या बाटलीत मागत होता, मी दिलं नाही. पैसे दिले आणि माझ्याच हातात पत्रक ठेवलं: 'उद्या पेट्रोल भरू नका.' मी त्याला म्हटलं, "दादा, तुम्ही उद्याचं आज भरलं." तर म्हणतो, "ताई, संदेश महत्त्वाचा." पोळ्याच्या संध्याकाळी जेवढं पेट्रोल विकलं तेवढं दिवाळीतही विकलं नव्हतं. कंपनीच्या साहेबाचा फोन आला, शाबासकी द्यायला. तुझ्या बहिष्काराची शाबासकी मला मिळाली.

आणि मारबतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मशिनीवर भाव आला. तोच. एक पैसा इकडचा तिकडे नाही. ज्यांना हलवायचं होतं त्यांना तुमचा बहिष्कार समजलाही नसेल. त्यांच्या कागदावर पोळ्याला विक्री वाढली, मारबतीला कमी झाली, बेरीज तीच. मग कोणाला धक्का लागला, सांग? एका म्हाताऱ्याला लागला. तुमच्या सगळ्या चळवळीत एवढा एकच माणूस हलला.

भाव जास्त आहे हे मी नाकारून नाही राहिले. तू पुस्तकात वाचतोस, मी रोज पाहते. शाळेच्या मुग्धा मॅडम आधी शंभरचं टाकायच्या, आता पन्नासचं टाकतात आणि मधल्या दिवशी गाडी ढकलत आणतात. दूधवाला नळी झटकायला लावतो, थेंब राहू नये म्हणून. लोकं मशिनीकडे पाहून शिव्या देतात आणि त्या मशिनीजवळ आम्ही उभे असतो. भाव आम्ही लावत नाही. भाव वाढला म्हणून आमचं कमिशन वाढत नाही, उलट टँकर मागवायला तेवढे जास्त पैसे आधी भरावे लागतात. हे तुला माहीत नाही? तुझं इंजिनिअरिंग या पंपावर झालं. तुला माहीत आहे, आणि तरी 'रक्त पिणारा पंपवाला' लिहिलंस, कारण दिल्लीतला माणूस ठेल्यावर बसवायला हिंमत लागते आणि खाकी शर्ट आलमारीत सापडतो.

आणि एक गोष्ट. मी सांगणार नव्हते. परवा मी तुला शिव्या देऊन राहिले होते तर बाबा म्हणाले, "भावाच्या गोष्टीत पोरगा बरोबर बोलून राह्यला वं." त्यांच्यासमोर ताट होतं. अर्धी भाकर टाकून उठले.

सेल्स ऑफिसर पंधरा तारखेला येणार आहे. पत्र बाबांच्या वरच्या खिशात आहे, रोज शर्ट बदलला की पत्रही बदलून ठेवतात. चौदाला रविवार आहे. तुझं कॉलेज बंद असतं. ये.

नीला

कन्हान,
१५ सप्टेंबर

अपूर्व,

आलास. आलास म्हणून लिहून राहिले, नाहीतर शाईसुद्धा खर्च केली नसती.

टाकी कामठीला फुल करून आलास ना? मी पंपावरची बाई आहे, काटा मला दिसतो. बापाच्या पंपावर फुकट भरावं लागेल किंवा पैसे द्यावे लागतील, दोन्ही नको म्हणून. असा कसा रे तू.

मला वाटलं होतं बाबा दार लावून घेतील. ते काय म्हणाले, "जेवला का?" तू उंबऱ्यातच उभा. पाया पडायला वाकलास, अर्ध्यात थांबलास, मग पडलास. मी स्वयंपाकघरातून सगळं पाहून राहिले होते. तू आता बोलशील, मग बोलशील म्हणून मी पोळ्या थांबवल्या. तू बोललास काय, तर "पाऊस कमी झाला नाही यंदा." वा.

शेवटी बाबाच म्हणाले, "चाल, पंपावर जाऊ." इतक्या दिवसांनी पहिल्यांदा उजेडात बाहेर पडले. तुझ्यासोबत. पोरांचा एक धुतलेला शर्ट तुला घालायला लावला आणि नळी हातात दिली. मला वाटलं शिक्षा देऊन राहिले. मग समजलं, नाही, त्यांना तुला तिथं उभं पाहायचं होतं.

तू वाईट नाही उभा राहिलास, हे मला लिहावं लागते. "झिरो पाहा" म्हणायचं विसरत होतास, गोविंदा मागून ओरडत होता. मुग्धा मॅडमनं पन्नासचं टाक म्हटलं तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं. आणि दोन गिऱ्हाइकांनी तुला शिव्या दिल्या, भाव पाहून. तू त्यांना समजावायला गेलास की भाव आमच्या हातात नसतो. 'आमच्या' म्हणालास. बाबांनी ऐकलं. मीही ऐकलं.

पण तू शेवटी तूच. नळी गाडीत घालून लोकांना बहिष्काराचं भाषण देत होतास. पेट्रोल भरता भरता सांगतोस, पेट्रोल भरू नका. बाबा खुर्चीत हसून हसून खोकायला लागले. मारबतीनंतर पहिल्यांदा मनापासून हसले ते.

चहाच्या वेळी त्यांनी तुला जे सांगितलं ते तू फक्त मान हलवून ऐकलंस, तुझं नेहमीचं. म्हणून परत लिहिते. म्हणाले, "आम्ही डीलर लोकायनंबी केला होता बहिष्कार. एक दिवस कंपनीचा माल नाही उचलायचा. सगळ्यायनं आदल्या दिवशी टाक्या भरून घेतल्या, अन् मंग झेंडे घेऊन बसले. कंपनी हासली. बहिष्कार म्हंजे उपास गा. आदल्या रात्री दोन ताटं जेवून उपास नाही होत. जीव कासावीस झाला पाह्यजे. ज्यानं ठेवला त्याचा, अन् ज्याच्यावर ठेवला त्याचाबी." तू म्हणालास, "लोक एवढं नाही करत बाबा." ते म्हणाले, "मंग एखाद्यानं त करावं."

तुला तेव्हा फोन आला आणि तू उठलास.

शर्टाबद्दल तू शेवटपर्यंत बोलला नाहीस. त्यांनी विचारलं नाही. मी तिथं नसते तर बोलला असतास असं स्वतःला सांगत असशील तर सांगू नको, मी मुद्दाम दोनदा बाहेर गेले होते. मी तुला माफ केलेलं नाही. ते माझं माझ्याजवळ राहू दे.

पण जाताना तू काय म्हणालास? गाडीला किक मारता मारता म्हणालास, "बाबा, पुढच्या रविवारी येतो. दर रविवारी येत जाईन." कोणी मागितलं नव्हतं तुला हे. तू आपणहून बोललास.

आज सेल्स ऑफिसर आला होता. बाबांनी चहा पाजला, पावसाच्या गोष्टी केल्या, मशिनी दाखवल्या. तो गेला. पत्र खिशातच राहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "घाई काय हाय. अपूर्व येणार हाय न रविवारी." सकाळपासून तीनदा सांगून झालं पोरांना, "रविवारी अपूर्व उभा राहीन दोन नंबरच्या मशिनीवर." तुझा शर्ट धोब्याकडे दिला इस्त्रीला. गोविंदा म्हणतो, "मालक, आमचे शर्ट कधी देले नाही इस्त्रीले." शिव्या खाल्ल्या त्यानं.

पत्र फाडलेलं नाही, हे लक्षात ठेव. पंप आता तुझ्या रविवारवर उभा आहे. मला हे अजिबात आवडून नाही राहिलं, पण आहे ते असं आहे. तुला काय भाषणबाजीची फोकनाडगिरी करायची ती सोमवार ते शनिवार कर. रविवारी ये.

नीला

कन्हान,
२२ सप्टेंबर

अपूर्व,

गुरुवारच्या पेपरात बातमी होती. 'रविवारी पुन्हा पेट्रोल बहिष्कार', बाजूला तुझा फोटो, हात वर केलेला. बाबांनीच वाचून दाखवली मला. मी म्हटलं, फोन करा त्याला, रविवारी तर तो इथं येणार होता. त्यांनी केला. तू उचलला नाहीस. त्यांनी परत केला नाही.

म्हणाले, "बहिष्काराच्या दिवशी तो पंपावर कसा उभा राहीन वं? लोकं काय म्हणतीन त्याले. त्याची अडचण हाय." बघ. तू न पाठवलेला निरोप त्यांनी स्वतःच तयार केला आणि स्वतःला सांगितला. मला वाटलं आता पत्र देतील. पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी चुलीत टाकलं, मी पाणी तापवून राहिले होते तेव्हा. मी वेडी, मला आनंद झाला. वाटलं सुटलो.

शनिवारी संध्याकाळी लाइन लागायला लागली, मागच्यासारखीच. बाबा घरातून आले, तसाच खाकी शर्ट घालून, नवा, आणि प्रत्येक गाडीसमोर जाऊन विचारायला लागले, "उद्याचं आज भरून राह्यला का?" लोकांना समजेना. जो हो म्हणाला त्याला परत पाठवला. "मंग काय बहिष्कार तो. जा घरी." एकजण म्हणाला, काका, डोकं फिरलं का तुमचं. मी मध्ये पडले तर माझ्यावर डोळे वटारले. तुझ्या आयुषला पण परत पाठवला, गॉगलसकट. ते मात्र मला आवडलं.

रविवारी सकाळी मी पोहोचले तर पंपाला दोरी बांधलेली. या खांबापासून त्या खांबापर्यंत. दोरीच्या मागे खुर्ची टाकून बाबा बसलेले. पोरं एका बाजूला उभी, कोणाला काही समजून नाही राहिलं. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "बहिष्कार हाय आज."

मी म्हटलं, बाबा, बहिष्कार गिऱ्हाइकाचा असते, आपला नाही. कंपनीला न सांगता पंप बंद ठेवता येत नाही, लायसन जाते. तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

म्हणाले, "मालूम हाय. पोरगा एकटा करून राह्यला. लोकं त्याच्या तोंडावर हाव म्हणतात अन् रात्री टाक्या भरतात. एका पंपावर त खरा झाला पाह्यजे न त्याचा बहिष्कार."

मी भांडले, अपूर्व. पोरांच्या समोर भांडले. म्हटलं, ज्यानं तुम्हाला जाळलं त्याच्यासाठी? ते रागावले नाहीत. म्हणाले, "जाऊ दे न वं. शर्टच होता."

तू हे वाक्य त्यांना म्हणायला हवं होतं आणि त्यांनी तुला रागवायला हवं होतं. ते त्यांनीच म्हणून टाकलं.

दिवसभर बसले ते. दूधवाला आला, त्याला म्हणाले, "आज बहिष्कार हाय. माह्या पोराचा." मुग्धा मॅडम गाडी ढकलत आल्या, त्यांनाही तेच. त्यांचं तोंड पाहून उठले, गोविंदाला म्हणाले मॅडमची गाडी ढकलून दे घरापर्यंत. दोरी सोडली नाही. कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून पुढं गेले. एकानं आईवरून शिवी दिली. बाबा म्हणाले, "दे अजून. पण डिझेल नाही भेटत."

आणि सगळे कुठं गेले माहीत आहे? पुलापलीकडच्या पंपावर. तिथं लाइन रस्त्यावर आली होती. गोविंदा पाहून आला. मी त्याला म्हटलं, बाबांना सांगू नको.

दुपारी ऑफिसरचा फोन, चार वाजता तो स्वतः. भला माणूस आहे. बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मशीन बिघडली होती असं लिहून द्या, मी सांभाळून घेतो." बाबा म्हणाले, "मशिनी चांगल्या हायेत. खोटं काहून लिहू?" आणि त्यानं दिलेल्या कागदावर लिहिलं: माझ्या मुलाने ठेवलेल्या बहिष्काराला पाठिंबा म्हणून पंप एक दिवस बंद ठेवला. खाली सही केली, शालिकराम, शाळेत गिरवतात तशी. ऑफिसर माझ्याकडे पाहून राहिला होता. मी काय करू, सही त्यांची चालते, माझी चालत नाही.

आज सकाळपासून टँकर बंद. चौकशी होईपर्यंत माल नाही. टाकीत आहे ते उद्या-परवापर्यंत. ऑफिसर म्हणाला, वाचेल की नाही सांगता येत नाही, असं कारण लिहून दिलेलं त्यानं आजपर्यंत पाहिलं नाही. सोडतो म्हणून लिहिलेलं पत्र मी तुझ्या पाया पडून थांबवलं, आणि आता जे लिहून गेलं ते थांबवायला माझ्याजवळ काही नाही. मी पोरांना अजून सांगितलं नाही. गोविंदाला समजलं आहे, तो सकाळपासून दोन नंबरची मशीन पुसून राहिला आहे.

मला तुझ्याकडून काही नको. पैसे नको, वकील नको, मंचाचं ते पाठिंब्याचं पत्र तर अजिबात नको. तू ये असंही आता लिहीत नाही. हे फक्त बाबांनी सांगायला सांगितलं म्हणून लिहून राहिले.

काल संध्याकाळी ऑफिसर गेल्यावर त्यांनी दोरी सोडली. मी मोबाइलवर तुझी बातमी पाहून राहिले होते. तू संविधान चौकात, मागे बॅनर, समोर मोजकी माणसं, आणि खाली लिहिलेलं, 'बहिष्काराला शहरात अल्प प्रतिसाद'. बाबा दोरी गुंडाळत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "यशस्वी झाला न वं त्याचा?"

मी मोबाइल पालथा केला आणि हाव म्हटलं.

ते म्हणाले, "सांगशील त्याले."

नीला